झाकणावरचं नाव सोडा, बॅटरीवरचं वाचा

आधी प्रश्न थोडक्यात. कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला रेंडरिंगसाठी (डिझाइनचं खरं भासणारं चित्र कॉम्प्युटरकडून काढून घ्यायला) आणि जमलं तर रात्री गेम खेळण्यासाठी लॅपटॉप घ्यायचाय. पर्याय तीन. एक, इथे मिळणारा गिगाबाइट जी५, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्सवाला. दोन, तेच ग्राफिक्स असलेला सेगर, जो न्यू जर्सीतला मामेभाऊ दिवाळीला येताना आणेल. तीन, कॉलेजातल्या सिनियरचा जुना, नवव्या पिढीचा आय७ आणि जीटीएक्स १६६० टीआय असलेला, ज्याच्या झाकणावर कुठलं नावच नाही. या विद्यार्थिनीचं म्हणणं, ‘तिन्ही एकाच घरातले वाटतात. एकच माल आहे का? आणि आत्ता स्वस्तातला घेऊन पुढे रॅम, एसएसडी, ग्राफिक्स वाढवता येईल का?’

तुमची नजर चांगली आहे. तिन्हींचं कूळ बहुतेक एकच, क्लेवो. सिनियरचा तीन-चार वर्षं आधीचा, त्यामुळे त्याची बॉडी वेगळी, पण चेहरेपट्टी लपत नाही.

पेणला गणपती कसे होतात ते आठवा. मूर्ती तिथे घडते, न रंगवता गाड्या भरून बाहेर जाते, मग पुण्या-मुंबईचा दुकानदार रंग देतो, डोळे काढतो आणि ती ‘आमच्या कारखान्यातली’ म्हणून विकतो. लॅपटॉपच्या धंद्यात क्लेवो ही अशी पेण आहे. तैवानमधली ही कंपनी १९८३ पासून आहे. ती स्वतःच्या नावाने ग्राहकाला जवळजवळ काहीच विकत नाही. बॉडी, मदरबोर्ड, पंखे, कीबोर्ड असा ‘बेअरबोन’ तयार करते. त्यात रॅम, डिस्क घालून, झाकणावर आपलं नाव लावून इतर लोक विकतात. अमेरिकेत सेगर, कॅनडात युरोकॉम, जर्मनीत शेंकरचा एक्सएमजी, इंग्लंडमध्ये पीसी स्पेशालिस्ट, ऑस्ट्रेलियात मेटाबॉक्स. लिनक्सवाल्यांची सिस्टम७६ सुद्धा तिथूनच माल उचलते. गिगाबाइटच्या एरो, ऑरस वगैरे वरच्या मालिका वेगळ्या. जी५ मात्र क्लेवोच्या बॉडीवर उभा आहे.

दुसरी पेण म्हणजे चीनमधली टोंगफांग. एक्सएमजीचे निओ, अमेरिकेतल्या इलुक्ट्रॉनिक्सचे (स्पेलिंग Eluktronics, शोधताना फसू नका) मेक आणि मॅग, मलेशियातल्या इलेगियरचे काही मॉडेल तिचे. २०१८ मध्ये वॉलमार्टने ‘ओव्हरपॉवर्ड’ नावाने गेमिंग लॅपटॉप आणले, तेही टोंगफांगचेच होते. २०१९ मध्ये तर खुद्द इंटेलने टोंगफांगबरोबर मिळून एक १५ इंची डिझाइन काढलं. तेच एक्सएमजी फ्यूजन १५, इलुक्ट्रॉनिक्स मॅग-१५ आणि मेनगियर एलिमेंट अशा तीन नावांनी बाजारात फिरलं. तीन किमती, तीन जाहिराती आणि आत तोच बोर्ड. तेव्हा रीब्रँडेड म्हणजे डुप्लिकेट, हा समज आधी डोक्यातून काढा.

आता ओळख पटवायची कशी? अठरा वर्षं लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतोय. झाकणावरचं नाव मी शेवटी बघतो, पहिल्यांदा बॅटरीवरचं स्टिकर वाचतो. क्लेवोच्या बॅटरीच्या नावातच चॅसिसचं, म्हणजे बॉडीच्या मॉडेलचं, नाव असतं: एनएच५०बीएटी, पीबी५०बीएटी, एन८५०बीएटी असं. सिनियरच्या मशीनचं मागचं झाकण उघडल्यावर बहुधा यातलंच काहीतरी दिसेल. उघडायचं नसेल तर विंडोजच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ ही ओळ बघा. पुष्कळ विक्रेते बाकी सगळीकडे आपलं नाव घालतात आणि ही ओळ बदलायला विसरतात.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, जी फारसं कुणी वापरत नाही. भारतात विकायच्या लॅपटॉपला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी लागते. मागच्या लेबलवर ‘आर’ अक्षर आणि आठ आकडे असतात. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की नोंदणी कुठल्या कारखान्याच्या नावावर आहे ते समोर येतं. ॲडॉप्टर आणि बॅटरीचे नंबर वेगळे असतात. ते टाकून ‘माझा लॅपटॉप भलत्याच कंपनीचा निघाला’ म्हणून घाबरलेले लोक मला भेटलेत. आणि सेगरच्या बाबतीत एक गोंधळ टाळा. सेगर आपल्या मॉडेलला एनपी आणि चार आकडे देते, तर क्लेवोच्या अलीकडच्या चॅसिसचंच नाव एनपी५०, एनपी७० असं आहे. दोन्ही एनपींचा एकमेकांशी संबंध नाही.

चॅसिसचं नाव एवढं महत्त्वाचं का, तर पुढे पंखा, बिजागरी, कीबोर्ड, बॅटरी शोधायची वेळ येते तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘सेगर’ म्हटलं तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील. ‘क्लेवो एनएच५०’ म्हटलं तर निदान दोघे फोन उचलतील. आणि कुठल्याही देशातल्या, त्याच चॅसिसच्या कुठल्याही भावंड मॉडेलचा पंखा तुम्हाला चालतो. या जातीच्या लॅपटॉपचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि जाहिरातीत तो कुणीच सांगत नाही.

एकच बॉडी म्हणजे एकच लॅपटॉप, असं मात्र नाही. फरक पडतो तो मुख्यतः वॅटमध्ये. ‘आरटीएक्स ४०६०’ हे नाव ऐकून कुणी काही ठरवू नये. लॅपटॉपमधल्या या चिपला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज द्यायची मुभा एनव्हिडियाने बनवणाऱ्याला दिली आहे, वर प्रोसेसर निवांत असेल तर आणखी थोडी. गिगाबाइट जी५ केएफमध्ये ४०६० ला कमाल ७५ वॅट मिळतात. लेनोवो लॉकमध्ये (LOQ) तीच चिप ११५ वर चालते, असुस टफमध्ये वरची उसनी वीज धरून १४० पर्यंत जाते. आता १४० म्हणजे ७५ च्या दुप्पट वेग, असंही नाही. साधारण १०० वॅटच्या पुढे ४०६० ला फारसा फरक पडत नाही, नंतर नुसती हवा गरम होते. पण ७५ आणि १०० मधला फरक लांबलचक रेंडरमध्ये जाणवतो. सेगरच्या पानावर वॅट लिहिलेले नसतील तर मामेभावाला त्यांना ईमेल करायला लावा. वॅट न सांगणारा विक्रेता माझ्या हिशेबी बादच. हातात मशीन असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये कमाल वॅट दिसतात.

ॲडॉप्टरही बघा, तो खोटं बोलत नाही. लेबलवर व्होल्ट गुणिले अँपिअर करा. १९.५ गुणिले ७.७ म्हणजे १५० वॅट, १९.५ गुणिले ९.२३ म्हणजे १८०. त्यातून प्रोसेसरचे ४५, स्क्रीन, पंखे, डिस्कचे मिळून २०-२५ वजा करा. उरतील त्याहून जास्त वॅट ग्राफिक्सला देतो असं कुणी म्हणत असेल तर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी गेम खेळताना हळूहळू उतरलेली दिसते. असं मशीन मी पाहिलंय, आणि मालक तक्रार घेऊन आला होता ‘बॅटरी खराब आहे’ म्हणून.

दुसरा फरक स्क्रीनचा. एकाच चॅसिसमध्ये एक विक्रेता ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असलेलं पॅनल टाकतो, दुसरा ७२ टक्केवालं. आकडे जवळचे वाटतात, पण ७२ टक्के म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी, म्हणजे कॉम्प्युटरवरचे नेहमीचे सगळे रंग, आणि ४५ म्हणजे विटेचा लाल रंग पिवळट-तपकिरी दिसणार. गेमिंगवाल्याला फरक पडत नाही, तुम्हाला पडेल. प्रेझेंटेशनच्या दिवशी प्रोजेक्टरवर दिसणारा दगड आणि तुम्ही निवडलेला दगड वेगळे निघतील. स्वस्तातल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये पैसा बहुतेक इथेच वाचवलेला असतो.

आता वाढवण्याबद्दल. इथे माझा एकच हट्ट आहे: जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घाला, जे बदलता येतं त्यात आज कंजुषी केली तरी चालेल. फक्त या वाक्यातला रॅमचा भाग सध्या उलटा झालाय. कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगायचो की आठ जीबीवाला घ्या, बाहेरून दुसरी काडी टाकू. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे कडाडलेत की तो सल्ला देववत नाही. एआयच्या डेटा सेंटरांकडे सगळा माल वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. कारखान्यातून १६ किंवा ३२ जीबी बसवून येत असेल आणि फरक बाजारभावापेक्षा कमी असेल, तर आत्ताच घ्या.

रॅम घेताना लोक फक्त जीबी बघतात. क्लेवोच्या या जाड बॉड्यांमध्ये साधारणपणे दोन एसओडिम (लॅपटॉपच्या रॅमच्या) खाचा असतात, ही चांगली गोष्ट. पण जी५ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षी डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही आलेत. आपल्या मॉडेलचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय काडी विकत घेऊ नका, खाच जुळत नाही. डीडीआर५ मध्ये आणखी एक खोच आहे. ८ जीबीची काडी बहुतेक वेळा ‘१आर×१६’ असते, म्हणजे तिच्यावर मोजून चार चिपा. १६ जीबीची ‘१आर×८’, म्हणजे आठ. चारवाली गेममध्ये मागे पडते. त्यामुळे आठ-आठच्या दोन काड्यांपेक्षा सोळा-सोळाच्या दोन चांगल्या, आणि ते फक्त आकारामुळे नाही. काडीवर बारीक अक्षरात हे छापलेलं असतं, दुकानदाराला पाकीट उलटं करून दाखवायला सांगा. आणि ‘एक्सएमपी ६४००’ असली जास्त वेगाची रॅम घेऊ नका, या लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) ती आपल्या ठरलेल्या ४८०० किंवा ५६०० लाच धावते. जास्तीचे पैसे पाण्यात.

एसएसडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन एम.२ (एसएसडीच्या) खाचा असतील तर पीसीआयई चौथ्या पिढीची खाच कुठली आणि तिसऱ्या पिढीची कुठली ते मॅन्युअलमध्ये बघून चांगली डिस्क चौथ्या पिढीच्या खाचेत बसवा. संपलं.

वायफाय कार्ड बदलायचं असेल तर इंटेलचं एएक्स२१० घ्या, एएक्स२०१ घेऊ नका. दोन्ही दिसायला सारखी, पण २०१ चा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरबरोबरच्या चिपसेटमध्ये असतो. एएमडीवर ते चालणारच नाही आणि सिनियरच्या नवव्या पिढीच्या आय७ वरही नाही. हेच कार्ड ‘खराब निघालं’ म्हणून परत करणारे डझनभर तरी लोक माझ्या आठवणीत आहेत.

स्क्रीन बदलता येते, पण वाटतं तितकी सरळ नाही. ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी) साधी स्क्रीन ३० पिनांच्या केबलवर असते, १४४ हर्ट्झवाल्यांना ४० पिना लागतात. ६० च्या जागी १४४ टाकायची म्हणजे केबलही बदलायची, आणि ती केबल चॅसिसच्या नावाने मागवायची. १४४ ची ४५ टक्केवाली काढून १४४ चीच ७२ टक्केवाली बसवणं मात्र अर्ध्या तासाचं काम आहे. जी५ घेतलात तर पुढच्या वर्षी हाच खर्च करावासा वाटेल, असा माझा अंदाज.

आणि ग्राफिक्स? नाही. बोर्डावर सोल्डर करून बसवलेली चिप आहे, मेमरीसकट. नेटवर जे जुने लेख वाचून लोक माझ्याकडे येतात ते वेगळ्याच काळातले आहेत. २०१२ च्या क्लेवो पी१५०ईएममध्ये (सेगरकडे तोच एनपी९१५०) ग्राफिक्स एमएक्सएम नावाच्या सुट्या कार्डावर यायचं. जीटीएक्स ६८०एम काढून त्या जागी ९७०एम बसवलेले लॅपटॉप मी हाताळलेत. ड्रायव्हरची फाइल हाताने बदलावी लागायची, पण चालायचे. प्रोसेसरही इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत काही मॉडेलांत सॉकेटमध्ये असायचा. क्लेवोने तर २०१५ मध्ये पी८७०डीएममध्ये डेस्कटॉपचा आय७-६७००के घातला आणि २०२० मध्ये एक्सएमजी एपेक्स १५ च्या बॉडीत सोळा कोरचा रायझन ३९५०एक्स बसवून दाखवला. वजन विचारू नका. ते दिवस संपले. थंडरबोल्ट नावाचं जलद पोर्ट असेल तर बाहेरून ग्राफिक्स जोडता येतं, पण बॉक्स, वीजपुरवठा आणि कार्ड यांची बेरीज केली की त्यात थोडी भर घालून डेस्कटॉप येतो. हॉस्टेलच्या टेबलावर ते पसरायला जागा तरी आहे का?

म्हणून व्हीआरॅम (ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी) किती, हा प्रश्न आजच सोडवायला हवा. सीन त्यात मावला नाही तर रेंडर एकदम मंदावतो नाही तर बंद पडतो. रॅम वाढवून ते सुटत नाही. ४०६० मध्ये ८ जीबी आहे, १६६० टीआयमध्ये ६, शिवाय त्यात रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे) कोरच नाहीत.

बायोसची गोष्ट सांगतो, कारण ‘भावंड मॉडेलचा बायोस टाकला तर जास्त वॅट मिळतात’ हे वाचून कुणीतरी हा उद्योग करणारच. काही वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंगच्या मुलाने दुसऱ्या देशातल्या विक्रेत्याचा बायोस आपल्या मशीनमध्ये भरला. चॅसिस तंतोतंत तीच. पण पंखे आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या ईसी नावाच्या चिपची आवृत्ती वेगळी होती. मशीन सुरू झालं, पंखे फिरेनात. त्याने घाबरून पुन्हा जुना भरायचा प्रयत्न केला, मध्येच बंद पडलं आणि मग काहीच नाही. ठाण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने स्वस्तातला प्रोग्रामर चिपला चिमट्याने लावला. तो ३.३ व्होल्टचा, आणि बोर्डावरची चिप १.८ ची. चिप जळली. माझ्याकडे येईपर्यंत दोघांचा हात फिरून झाला होता. नवी चिप, त्यात मूळ फाइल, आणि मुलाच्या वडिलांची समजूत, यात आठवडा गेला. ज्याने विकला त्याच्याच साइटवरचा बायोस टाका, आणि नीट चालणाऱ्या मशीनला शक्यतो टाकूच नका.

तुमच्या तीन पर्यायांवर येतो.

सेगर. वॅट चांगले असतील, स्क्रीन चांगली निवडता येत असेल तर मशीन म्हणून तो जी५ पेक्षा सरस ठरेल, कारण या विक्रेत्यांकडे स्क्रीन, रॅम, अगदी प्रोसेसरला लावायची पेस्टसुद्धा निवडता येते. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम्स ड्युटीशिवाय आणता येतो. पण मामेभाऊ स्वतःचाही घेऊन येणार असेल तर ते दोन झाले, हे त्याला आधीच सांगा. ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो, फक्त भिंतीकडची वायर इथली घ्या. वॉरंटी मात्र अमेरिकेपुरतीच धरून चाला. सहाव्या महिन्यात बोर्ड गेला तर तो पुन्हा मामेभावाच्या सामानातूनच परत जाणार.

जी५. इथे बिल, इथे वॉरंटी, दोन काड्या, दोन डिस्का. ७५ वॅट आणि फिकट स्क्रीन ही किंमत मोजून. तो लॉक किंवा टफपेक्षा ठळकपणे स्वस्त मिळत असेल तरच घ्या. फरक चार-पाच हजारांचा असेल तर मी सरळ लॉक घेईन. क्लेवोवर माझं प्रेम असूनही हे म्हणतोय, कारण तिथे तेच ४०६० पोटभर जेवतं आणि कोल्हापुरात सर्व्हिसला माणूस सापडतो. रॅम आणि डिस्क तिथेही वाढवता येते.

सिनियरचा. दुसऱ्या वर्षासाठी घेत असता तर हो म्हटलं असतं. तिसऱ्या वर्षाला, थिसिस डोळ्यांसमोर असताना, ६ जीबीवर मी पैसे लावणार नाही, तो अगदीच पडत्या भावात मिळत नसेल तर. तरीही बघायला जाणार असाल तर एवढं करा. टचपॅडवर बोट फिरवून तो एका बाजूने उचललाय का बघा, उचलला असेल तर खाली बॅटरी फुगलीय. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी ठेवा. झाकण हळू उघडताना बिजागरीजवळचं प्लॅस्टिक कटकट वाजतं का ऐका. आतले पितळी नट निसटले असतील तर तो आवाज येतो. मग अर्धा तास एखादा जड गेम चालवा आणि तापमान बघा. ९५ च्या वर जाऊन वेग पडत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा पेस्ट वाळलेली असते. त्या जागी हनीवेलचं पीटीएम७९५० (पेस्टऐवजी लावायची पातळ पट्टी) लावलं की पुढची काही वर्षं बघावं लागत नाही. त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. आणि मागचं झाकण उघडायची परवानगी मिळालीच तर बॅटरीच्या स्टिकरचा एक फोटो काढून मला पाठवा, कुठल्या चॅसिसचा आहे ते मी सांगतो.